चौदा नियमांतलं ‘वाहन’ आणि जुन्या गाड्यांचं कौतुक



मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली असली की आम्ही पोलादपूरहून आवर्जून बघायला जातो. यंदा मंदिरात एका काकूंनी विचारलंच, “अगं, गाड्यांचं एवढं कौतुक कसलं? हा परिग्रहच ना?” प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगते.

रॅलीत गर्दी होते ती संस्थानिकांच्या रोल्स रॉइसभोवती. माझे पाय मात्र फियाटपाशी थांबतात. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाक. कशेडी घाट चढताना तिचं इंजिन तापायचं. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि वाफ निवेपर्यंत थांबून पाणी घालायचं. आता बोगद्यातून घाट कधी संपला ते कळतही नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. तरी कुणीतरी एखादी फियाट तिच्या मूळ रूपात चालती ठेवली आहे, याचं मला कौतुक वाटतं.

परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तिच्यावरची आसक्ती. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी शंभराहून जास्त गाड्या जमवल्या. आज अहमदाबादजवळ कठवाड्याच्या संग्रहालयात त्या कुणालाही बघता येतात. जमवलेलं असं सर्वांसाठी खुलं केलं की त्याची धार थोडी तरी कमी होते, असं मला वाटतं.

सरकारी नियमही इथे विचार करण्यासारखा आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडीच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, पण रोजच्या वापराला ती काढता येत नाही. जपा, दाखवा, पण मिरवत फिरू नका. आपल्या चौदा नियमांत रोज सकाळी आपण वाहनाची मर्यादा धारतो, त्याच्या जवळ जाणारीच ही गोष्ट!

माझा आक्षेप आहे तो ‘मॉडिफाय’ केलेल्या गाड्यांवर. नवीकोरी गाडी घ्यायची आणि सायलेन्सर बदलून तिचा आवाज वाढवायचा. रात्री घाटात असा फटफटाट झाला की झोपलेली बाळं दचकतात, झाडांवरची वानरं सैरावैरा पळतात. यात जयणा कुठे राहिली? कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. दिव्यांग व्यक्तीला चालवता यावी म्हणून केलेला बदल मात्र कायद्याला मान्य आहे. गरज आणि दिखावा यांतला फरक कायद्यालाही कळतो.

म्हणून मुलगा गाडीच्या सजावटीसाठी पैसे मागेल तेव्हा लगेच नाही म्हणू नका आणि लगेच देऊही नका. एवढंच विचारा, “या बदलाने कुणाची सोय होणार आहे आणि कुणाला त्रास होणार आहे?” उत्तर त्याचं त्यालाच सापडेल. आणि त्याला जुन्या गाड्या बघायला जरूर घेऊन जा. वस्तू पन्नास वर्षं टिकवायला काय लागतं, ते त्याला तिथे डोळ्यांनी दिसेल.