म्हाताऱ्या राखणदाराचा खोकला

शेतकऱ्याच्या घरीं बैल म्हातारा झाला म्हणजे त्याचें काय करावें, यावर आमच्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या विचार होत आलेला आहे. गाय आटली तर काय, यावर तर मोठमोठे वाद झालेले आहेत. परंतु ज्यानें दहा-बारा वर्षें खळ्यावर, गोठ्यावर व मळ्यावर रात्र रात्र जागून राखण केली, तो कुत्रा थकला आणि खोकूं लागला तर काय करावें, हा प्रश्न विचारण्याच्या योग्यतेचाहि मानला जात नाहीं. ‘म्हातारा झाला, खोकायचाच’ एवढ्या एका वाक्यानें त्याचा निकाल लागतो. हें वाक्य चुकीचें आहे, आणि त्यापासून कुत्र्याचें तसेंच मालकाचेंहि नुकसान होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कुत्र्याचें मोल निराळें सांगण्याची गरज नाहीं. पाटण, कऱ्हाड, शिराळा व वाळवा या बाजूस उसाच्या फडांतून बिबट्या वस्तीपर्यंत येतो, आणि त्याची पहिली चाहूल बहुधा कुत्र्यासच लागते. माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या मुलखांत धनगरांचीं मेंढरें जेथें बसतात, तेथें लांडग्याच्या वाटेवरचा पहारेकरी कुत्राच असतो. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि आहे; त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें अशी आख्यायिका आजहि सांगितली जाते. छत्रपतींनीं आपल्या कुत्र्याचे उपकार स्मारकरूपानें जतन केले. आपण निदान त्याचा खोकला काय सांगतो तें ऐकून घ्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

वार्धक्य हा रोग नव्हे, आणि खोकला हाहि रोग नव्हे; तें एक लक्षण आहे. जनावरास ताप आला म्हणजे जाणता शेतकरी नुसतें ‘तापाचें औषध’ मागत नाहीं; ताप लाळ-खुरकताचा कीं घटसर्पाचा, हें तो आधीं विचारतो. हाच न्याय कुत्र्याच्या खोकल्यास लावला पाहिजे. म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप झिजून रक्त उलट फिरूं लागलें म्हणजे हृदयाचा डावा कप्पा फुगतो व वरच्या श्वासनलिकेस दाबतो. पुढें फुप्फुसांत पाणी उतरतें. हा विकार लहान चणीच्या कुत्र्यांत अधिक आढळतो. थोराड कुत्र्यांत हृदयाचा स्नायूच सैल पडण्याचा विकार अधिक असतो. कांहीं लहान कुत्र्यांची श्वासनलिका सैल पडून चपटी होते व खोकतांना हंसासारखा आवाज निघतो. थोराड म्हाताऱ्या कुत्र्यांत कधीं कधीं घशांतील स्वरयंत्र लुळें पडतें. त्याचें भुंकणें घोगरें होतें व पाणी पितांना ठसका लागतो. वर्षानुवर्षें धूर व धूळ खाऊन श्वासनलिकांस जुनाट दाह झालेला असेल, तर कोरडा खोकला महिनोन्‌महिने चालतो. म्हाताऱ्या कुत्रीच्या सडांत गांठी असून ती खोकूं लागली, तर ती गांठ कर्काची असून फुप्फुसांत पसरली असण्याचा संभव असतो. आणि माळावर हिंडणारा कुत्रा एकाएकीं जोरानें खोकूं लागला, तर नाकावाटे गवताचें कुसळ आंत गेलें असणेंहि अशक्य नसतें.

इतकीं कारणें मांडण्याचा हेतु वाचकांनीं घरबसल्या पशुवैद्य व्हावें हा नव्हे. हेतु एवढाच कीं, एकाच बाटलींतील औषध या सर्वांस लागू पडणें शक्य नाहीं, हें ध्यानांत यावें. हृदयाच्या खोकल्यांत अंगांतील जादा पाणी लघवीवाटे काढणारें औषध द्यावें लागतें. श्वासनलिकांच्या जुनाट दाहांत सूज उतरविणारें स्टेरॉइड उपयोगी पडतें. आणि तेंच स्टेरॉइड जंतुजन्य फुप्फुसदाहांत अथवा दुबळ्या हृदयांत अपाय करूं शकतें. म्हणजे एका कुत्र्यास जें तारतें तेंच दुसऱ्यास मारूं शकतें. शेजाऱ्याच्या कुत्र्यास लागू पडलेली गोळी मागून आणणाऱ्यानें हें विसरूं नये.

मालकानें स्वतः करण्याजोगें काम मात्र पुष्कळ आहे, आणि त्यास पैसाहि लागत नाहीं. कुत्रा शांत झोंपला असतां त्याची छाती एका मिनिटांत किती वेळां वर येते, हें घड्याळ लावून मोजावें. निरोगी कुत्र्यांत हा आंकडा बहुधा ३० च्या आंत असतो. सलग दोन-तीन वेळां तो ३० च्या वर गेला, तर हृदय अथवा फुप्फुस बिघडल्याची सूचना समजून विलंब करूं नये. खोकला रात्रीं पडल्यावर येतो, धांवल्यावर येतो, पाणी पितांना येतो कीं गळ्यांतील साखळी ओढली असतां येतो, हें टिपून ठेवावें. एवढी माहिती घेऊन गेलेल्या मालकाचें अर्धें काम दवाखान्याच्या पायरीवरच झालेलें असतें. खोकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यांतील पट्टा काढून छातीवरून जाणारा पट्टा बांधावा. अंगानें सुटला असेल तर खाणें बेतानें घालून वजन उतरवावें. पाचट जाळतांना, गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ, कडब्याच्या धुळींत अथवा द्राक्षबागेंत गंधकाची भुकटी मारतांना त्यास जवळ बांधूं नये. जो धूर आपल्या म्हाताऱ्या वडिलांस सोसत नाहीं, तो त्यासहि सोसत नाहीं.

घरगुती उपायांविषयीं मात्र कठोर बोलणें आम्हांस प्राप्त आहे. मनुष्याच्या खोकल्यावर कांद्याचा रस देण्याची चाल आपल्याकडे आहे. तो कुत्र्यास देऊं नये. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. तासगांवच्या बाजूस घरोघर बेदाणा असतो व प्रेमानें कुत्र्यापुढेंहि टाकला जातो. परंतु द्राक्षें व बेदाणे यांनीं कित्येक कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्यास हें बाधेल तें आधीं सांगतां येत नाहीं. अंगदुखीवरच्या आपल्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्यास विषासमान ठरूं शकतात. खोकल्यापेक्षां औषधानेंच कुत्रा गेला असें होऊं देऊं नये.

एक इशारा याहूनहि महत्त्वाचा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा घसा लुळा पडतो. तो ठसकल्यासारखा करतो, लाळ गाळतो, आवाज बदलतो, आणि पाहणारास वाटतें कीं घशांत हाड अडकलें आहे. अशा वेळीं हाड काढण्याकरितां तोंडांत हात घालणें म्हणजे मरणास हात देणें होय. कुत्र्यास दरसालची रेबीजची लस टोंचली नसेल आणि त्याच्या वागण्यांत एकाएकीं बदल झाला असेल, तर त्यास न हाताळतां पशुवैद्यास कळवावें. लाळ जखमेस लागली अथवा दांत लागला, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हा रोग एकदां उमटला म्हणजे माणूस वांचत नाहीं. आणि लस वेळेवर घेतली तर तो उमटतच नाहीं म्हटलें तरी चालेल.

यावर कोणी म्हणेल कीं, थकलेल्या कुत्र्यावर खर्च करण्याइतकी शेतकऱ्याची ऐपत नाहीं. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु छातीस नळी लावून तपासण्यास फारसा खर्च नाहीं, आणि कित्येकदां तेवढ्यानेंच दिशा कळते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना केवळ गाईम्हशींकरितां आहे, ही समजूत चुकीची आहे. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अवघड दुखणें असेल तर तेथील सल्ला घेतां येतो. यांतील बहुतेक विकार समूळ जात नाहींत हें खरें. पण योग्य औषधानें कुत्र्याचे उरलेले महिने, क्वचित् वर्षेंहि, सुखाचीं होतात. जेथें औषधाचा इलाज उरला नाहीं, तेथें पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणें हाहि एक इलाजच आहे. विषाचा गोळा टाकणें अथवा दूरच्या रस्त्यावर नेऊन सोडणें हा इलाज नव्हे. उपासमारीच्या तोंडीं जनावर सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाहि आहे.

आमच्या संघाच्या गांवोगांवच्या सभासदांस आमची सूचना अशी कीं, जनावरांच्या लसीकरणाचा दिवस ठरवितांना गांवांतील कुत्र्यांसहि त्यांत घ्यावें: सर्वांस रेबीजची लस द्यावी, आणि जे खोकतात त्यांची छाती तपासून घ्यावी. एका दिवसाच्या या कामानें माणसांचे जीव सुरक्षित होतील, आणि ज्यांनीं आपलीं धान्याचीं पोतीं व गुरेंवासरें राखलीं त्यांचें देणेंहि अंशतः फिटेल.