सहकार राज्याचा विषय आहे. सभागृहाने तो सोडू नये

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, मुंबई

अध्यक्ष महोदय,

मी सोनईचा ऊस उत्पादक, गावच्या सेवा सोसायटीचा सभासद. आमच्या भागात पीककर्जापासून उसाच्या बिलापर्यंतचा व्यवहार सहकारी संस्थेतून होतो. मुळा सहकारी साखर कारखाना गावाला लागून आहे, प्रवरानगर आमच्याच जिल्ह्यात आहे. म्हणून सहकाराचा कायदा कोणी करायचा, हा प्रश्न आम्हाला घरचा वाटतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सहकारी संस्था राज्यसूचीत, 32 व्या नोंदीत आहेत. केंद्रसूचीतल्या 43 व्या नोंदीत बँका, विमा, व्यापारी महामंडळे आली, पण तिथे सहकारी संस्था मुद्दाम वगळल्या आहेत. यामागे मोठा इतिहास आहे. 1904 आणि 1912 चे सहकाराचे कायदे साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच होते. 1919 च्या सुधारणांनी हा विषय प्रांतांकडे आला आणि मुंबई प्रांताने 1925 साली स्वतःचा कायदा केला. त्याच प्रांतिक कायद्याच्या आधाराने विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला. 1950-51 च्या हंगामात तिथे गाळप सुरू झाले. पुढे 1960 साली आपण महाराष्ट्राचा कायदा केला. प्रवरेकाठच्या शेतकऱ्याने शेअर घेऊन कारखान्याचा मालक व्हावे, ही कल्पना इथल्या माणसांनी इथल्या गरजेतून काढली आणि तिला जागा देणारा कायदाही जवळच्याच सभागृहाने केला.

राज्यांना अधिकार दिले की संसदेचे सार्वभौमत्व कमी होते, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत ब्रिटनच्या चष्म्यातून आलेली आहे. लंडनच्या संसदेने 1998 च्या कायद्याने स्कॉटलंडला संसद दिली, पण तिच्या विषयांवर कायदा करण्याचा स्वतःचा हक्क राखून ठेवला. असा कायदा करताना स्कॉटलंडची संमती घेण्याचा संकेत आहे. तो न्यायालयात बजावता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले. आपले तसे नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेला अधिकार संसदेने दिलेले नाहीत, दोघांनाही ते घटनेने दिले आहेत. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात हे स्वच्छ सांगितले होते. आपल्याकडे सार्वभौम आहे ती घटना.

याचा पुरावा सहकारानेच दिला. 2011 साली संसदेने 97 वी घटनादुरुस्ती केली. तिच्यात सहकारी संस्थांसाठी अटी आल्या: संचालक 21 पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षे, निवडणूक स्वतंत्र यंत्रणेकडे. यातल्या बहुतेक तरतुदी मला पटतात. पण राज्यांच्या कायदे करण्याच्या अधिकाराला हात लावणाऱ्या दुरुस्तीला कलम 368 प्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते, आणि ती घेतलीच गेली नाही. आपल्या विधिमंडळापुढे प्रस्ताव आला नाही. तरी 2013 साली आपण 1960 चा कायदा त्या दुरुस्तीप्रमाणे बदलून दिला. हरकत घेतली ती गुजरातेतल्या एका याचिकाकर्त्याने. एप्रिल 2013 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दुरुस्तीतला सहकाराचा भाग रद्द ठरवला आणि 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या संस्थांपुरता तो निकाल कायम ठेवला. जीएसटीच्या वेळी ऑगस्ट 2016 मध्ये आपण खास अधिवेशन घेऊन मंजुरी दिली होती. त्या वेळी विचारले गेले, सहकाराच्या वेळी नाही. हे सभागृहाला बोचायला हवे होते.

आता सहकार राज्याच्या हातून जाण्याची दुसरी वाट उघडली आहे. 2023 साली बहुराज्यीय सहकारी संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यातली कोणतीही संस्था हजर राहून मत देणाऱ्या दोन तृतीयांश सभासदांच्या ठरावाने बहुराज्यीय संस्थेत विलीन होऊ शकते, म्हणजे राज्याच्या कायद्याबाहेर जाऊ शकते. वार्षिक सभा कशा चालतात हे आपल्या सभागृहातल्या निम्म्या आमदारांना तोंडपाठ आहे. मंडपात पुढच्या रांगा ठरलेल्या असतात, विषयपत्रिकेचा विषय वाचून संपायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ होते, माइक मागणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही, आणि अहवाल हातात घेतलेला म्हातारा सभासद जेवणाच्या रांगेकडे वळतो. अशा सभेत संस्थेचा कायदाच बदलला, तर उद्या तक्रार कुठे न्यायची? आज आमचा माणूस एसटीने सकाळी अहिल्यानगरला जिल्हा उपनिबंधकांकडे जातो, फार तर पुण्याच्या साखर संकुलात जातो आणि रात्री घरी येतो. बहुराज्यीय संस्थेचा निबंधक दिल्लीत बसतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. संसदेला आत यायला दार राज्यानेच उघडे ठेवले. मर्जीतले प्रशासक वर्षानुवर्षे बसवले गेले. कोरोनाचे कारण समजण्यासारखे होते, पण पुढे पावसाळ्याच्या नावानेही संस्थांच्या निवडणुका पुढे गेल्या. जो अधिकार मुंबईने दिल्लीपासून जपायचा, तो मुंबईतच अडवून ठेवला तर सोनईच्या सभासदाला दोन्ही सारखेच. खाली न पोचणाऱ्या अधिकारासाठी तो मुंबईच्या बाजूने का उभा राहील?

म्हणून विनंती आहे. येत्या नागपूर अधिवेशनात 32 व्या नोंदीवर पूर्ण दिवस चर्चा ठेवावी. राज्याच्या कायद्याखाली जन्मलेल्या संस्थेला तो कायदा सोडायचा असेल, तर एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांचे गुप्त मतदान आवश्यक करावे, आणि त्यासाठी केंद्राशी बोलावे लागले तर बोलावे. संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलायच्या असतील, तर तो निर्णय मंत्रालयात न होता सभागृहात, कारणांसह व्हावा. आणि इथून पुढे राज्याच्या विषयाला हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेत आली, की ‘आमची मंजुरी कुठे आहे’ हे पहिल्याच दिवशी आपल्या सभागृहाने विचारावे.

आपला,
सोनईचा एक सभासद