पायांच्या शिरा आणि लेसरची पाटी

भातलावणी आटोपली की चिखलात उभ्या राहिलेल्या पायांचं गाऱ्हाणं सुरू होतं. पाय भरून येतात, पोटऱ्या ठणकतात, संध्याकाळी घोट्याला सूज. घरात उत्तर ठरलेलं : तेल चोळ, होईल बरं. आणि शहरात गेलं की पाटी दिसते, ‘लेसरने शिरा गायब’. या दोहोंच्या मध्ये आमच्या मायबहिणींची फसगत होते, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, लेसर म्हणजे एकच उपचार नव्हे. कातडीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या बारीक शिरा दिसतात, त्यांच्यावर बाहेरून झोत मारतात. रक्ताचा लाल रंग तो प्रकाश शोषतो, शीर तापून मिटते आणि काही आठवड्यांत अंगात जिरते. एका बैठकीत सहसा भागत नाही. पायाच्या शिरांसाठी तर बरेच डॉक्टर बारीक सुईने औषध टोचणंच पसंत करतात. शिवाय आपली कातडी सावळी. तिचा रंगही तोच प्रकाश पितो, त्यामुळे यंत्र किंवा हात चुकला की भाजल्याचे डाग राहतात. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा ‘एनडी-याग’ लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. तोच आहे का, हे बेधडक विचारावं. बहुतेकदा या जाळीपासून अपाय नसतो. हौसेला मोल नाही हे खरं, पण त्यासाठी पीककर्जाला हात लावू नये.

छातीवर-गळ्यावर मधे लाल ठिपका आणि भोवती पाय फुटलेले असे बरेच डाग दिसले, आणि माणूस पिणारा असला, तर आधी यकृत तपासावं. लेसरने डाग पुसला जाईल, दुखणं राहील.

खरं दुखणं आहे ते जाड, वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरांचं. शिरांतल्या झडपा निकामी होतात, वर जाणारं रक्त खाली साचतं. घोट्याच्या आतल्या अंगाला खाज येते, कातडी काळवंडते, मग जखम होते आणि वर्षानुवर्षं चिघळते. हळद भरून ती मिटत नाही, कारण मूळ वर शिरेत असतं. इथला लेसर वेगळा. सोनोग्राफीत पाहून सुईवाटे बारीक तार शिरेत घालतात आणि शीर आतून बंद करतात. बहुतेक रोगी त्याच दिवशी चालत घरी जातात. मात्र आधी डॉपलर तपासणी हवीच. डॉपलर न करता जो थेट लेसरची तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावं. दाबाचे मोजेही डॉक्टरला विचारूनच घालावेत, मधुमेह्यांनी विशेष. अशी शीर फुटून रक्ताची धार लागली तर घाबरू नये : आडवं व्हावं, पाय उंच धरावा, कापडाने घट्ट दाबून ठेवावं आणि दवाखाना गाठावा.

आता सरपंचांना आणि सदस्यांना. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावे लागतात. त्यातून पायांच्या तपासणीचं एक शिबिर घेता येईल का, ते पाहा. आशाताईंनी काळवंडलेल्या घोट्यांची यादी करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातला कोणता उपचार बसतो, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावं आणि चावडीवर लावावं. पुढच्या लावणीआधी एवढं झालं पाहिजे.