खलनायकाचा पोशाख कोणी शिवला?

७ जून २०२३ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात हुसेन खुसरो अली वझिरी हा ८१ वर्षांचा इराणी मल्ल निवर्तला. व्यावसायिक कुस्तीच्या जगात तो ‘आयर्न शेख’ म्हणून ओळखला जाई. मृत्यूनंतर ‘लाडका खलनायक’ म्हणून त्याच्यावर स्तुतिसुमने उधळली गेली. ज्या धंद्याने त्याला शिव्या घालण्यासाठी तिकिटे विकली, त्याच धंद्याने ही फुलेही वाहिली, हे पाहून चीड आल्यावाचून राहत नाही. नव्वदीच्या दशकात ही कुस्ती केबलच्या तारेवरून आपल्याही धर्मग्रामांत शिरली, मुले तिच्या पत्त्यांचे डाव मांडू लागली. तेव्हा ‘परदेशातले थेर’ म्हणून हा विषय झटकून टाकता येणार नाही.

वझिरीचा जन्म १९४२ सालचा, दामघानचा. ‘पहिलवान’ आणि ‘कुस्ती’ हे दोन्ही शब्द आपण फारसीतूनच घेतले, आणि इराणमधला ‘झूरखाना’ हा आपल्या तालमीचा सख्खा भाऊ. तिथेही मुद्गले फिरवतात. त्याचे दार मुद्दाम ठेंगणे ठेवतात, की आत शिरणाऱ्या बलवंताची मान आपोआप लवावी! अशा परंपरेतला हा मल्ल. १९६८ साली ऑलिंपिक विजेता घुलामरेझा तख्ती ह्याचा तेहरानमध्ये संशयास्पद मृत्यू झाला; तख्ती शहाच्या राजवटीचा विरोधक होता. वझिरीला आपल्या जिवाचे भय वाटू लागले व त्याने अमेरिकेची वाट धरली. १९७१ मध्ये ग्रीको-रोमन प्रकारात तो अमेरिकेचा हौशी राष्ट्रीय विजेता झाला. कसब खरे होते, घाम खरा होता.

पण खऱ्या कसबाला गिऱ्हाईक कमी. व्यावसायिक आखाड्यात त्याचे डोके भादरले गेले, मिशा वाढल्या, टोक वळवलेले बूट पायांत आले आणि ‘शेख’ ही अरबी पदवी नावाला चिकटली. वझिरी अरब नव्हता, त्याची भाषा फारसी. पण तिकीटविक्रीला ह्या फरकाशी काय कर्तव्य? १९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमधील अमेरिकी वकिलातीतली माणसे ओलीस धरली गेली. त्यांपैकी ५२ जण ४४४ दिवस अडकून पडले. इराणी माणसाविषयीचा संताप आता बाजारात आयताच उपलब्ध झाला. वझिरीच्या हाती इराणचा ध्वज आला, आणि विनय शिकवणारी ती मुद्गले उद्दामपणाची खेळणी झाली. २६ डिसेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब बॅकलंडला हरवून तो वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचा विजेता ठरला. चारच आठवड्यांनी, २३ जानेवारी १९८४ रोजी, तिथेच हल्क होगनने त्याला लोळवले. बळीच्या बकऱ्यालाही आधी हार घालतातच.

त्याचा जोडीदार निकोलाय वोल्कॉफ तर मूळचा क्रोएशियातील स्प्लिटचा, साम्यवादी युगोस्लाव्हिया सोडून आलेला. त्याच्याकडून प्रेक्षकांपुढे सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन घेतले! १९९१ साली, आखाती युद्धाच्या वर्षी, ह्यावरही कडी झाली. १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे इराकशी लढून रक्तबंबाळ झालेल्या इराणच्या ह्या पुत्राला इराकी लष्करी वेष चढवून ‘कर्नल मुस्तफा’ बनवण्यात आले.

“अहो, ते सारे नाटकच असते!” असे आपल्यातील सुशिक्षितही म्हणतात. नाटकच असते, कबूल. १९८९ साली खुद्द ह्या कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ते सांगितले, कारण तसे सांगितल्याने क्रीडानियमांचा जाच टळणार होता. पण म्हणून नाटककार सुटतो काय? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असे आठवी आज्ञा सांगते. रंगमंचावरच्या साक्षीला तिने सूट दिलेली नाही. कुस्तीचा निकाल लटका होता, प्रेक्षागृहात पेटणारा द्वेष मात्र लटका नव्हता, आणि घरी जाताना तो कोणी दाराशी काढून ठेवीत नसे.

कोणी विचारील, पवित्र सप्ताहातील नाट्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. युरोपातील दुःखसहनाच्या नाटकांनी शतकानुशतके यहुद्यांना खलनायक केले, आणि त्याचे भोग खऱ्याखुऱ्या यहुदी वस्त्यांनी भोगले. म्हणूनच पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९५९ साली उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांना लावलेले दूषण काढून टाकले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ ह्या घोषणापत्रात ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट साऱ्या यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असे बजावले. जर्मनीतील ओबरामरगाऊच्या नाटकाची संहिताही पुढे बदलली गेली. फार उशिरा, पण आपण शिकलो. मग तोच धडा दिवाणखान्यातल्या पडद्यासमोर का विसरावा?

वझिरी निष्पाप होता असे मुळीच नाही. पैसा त्यानेही घेतला, व्यसनाच्या विळख्यात तोही सापडला, जिभेला लगाम त्याने कधी घातला नाही. १९८७ साली न्यू जर्सीत तो आणि देशभक्त नायक म्हणून मिरवणारा जिम डगन एकाच मोटारीत अमली पदार्थांसह पोलिसांना सापडले, आणि दोघांचीही नोकरी गेली. गंमत अशी की, दोन वैरी शेजारीशेजारी बसून प्रवास करीत होते, ह्याचाच गवगवा अधिक झाला! २००३ साली त्याच्या मुलीचा खून झाला. त्या दुःखाला कोणत्या देशाचा ध्वज लावायचा?

२००४ साली त्याच कंपनीने इटालियन वंशाच्या एका अमेरिकी तरुणाला ‘मुहम्मद हसन’ हे नाव देऊन रिंगणात उतरवले. ७ जुलै २००५ रोजी, लंडनच्या बाँबस्फोटांच्याच दिवशी, त्याचे तोंड झाकलेले साथीदार प्रतिस्पर्ध्याचा गळा आवळतात असा आधीच चित्रित केलेला प्रसंग अमेरिकेत दाखवला गेला. ओरड झाली. वाहिनीला तो पडद्यावर नकोसा झाला, आणि त्याच वर्षी त्याला घरी पाठवण्यात आले. ज्यांनी तो प्रसंग लिहिला त्यांचे कार्यक्रम मात्र ठरल्या वेळी दिसत राहिले.