हे कळले कसे?

रक्तातील हीमोग्लोबिन ह्या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ६४,५०० आहे, असे फळ्यावर लिहिले की वर्गातील सर्व लेखण्या एकदम चालू लागतात. परीक्षेत तो आकडा बिनचूक उतरतोही. परंतु जो रेणू डोळ्यांना दिसत नाही, तो कोणी व कोणत्या तराजूत घातला, असे क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते त्या आकड्याहून हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

रेणू तोलण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील एक प्रकाशाची. झरोक्यातून कवडसा आत आला की त्यात धूलिकण चमकतात, कारण ते प्रकाश चहूकडे विखुरतात. रेणूही तेच करतात. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे १९२१ सालच्या सागरप्रवासानंतर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी दाखविले. पुढे १९४४ साली पीटर डिबाय ह्यांनी ह्या विकिरणावरून मोठ्या रेणूंचे वजन काढण्याची रीत मांडली.

तिचे मर्म सोपे आहे. द्रावणातील दहा-दहा सुटे रेणू जुळून एकेक मोठा रेणू झाला, तर एकूण वस्तुमान तेवढेच राहते. विखुरलेला प्रकाश मात्र सुमारे दसपट होतो. म्हणून विरघळलेल्या प्रथिनाचे प्रमाण ठाऊक असल्यास प्रकाश मोजून रेणुभार ठरविता येतो. आकार कळतो तो रेणूंच्या हालचालीवरून. लहान रेणू चपळ, मोठे संथ. त्यांच्यावरून विखुरलेल्या लेसर किरणांची लुकलुक त्यानुसार जलद वा मंद होते. मात्र धुळीचे थोडे कण राहिले, तरी उत्तर चुकते. म्हणून द्रावण आधी काळजीपूर्वक गाळून घ्यावे लागते.

ही गोष्ट आपल्या घरापासून दूर नाही. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो, तेव्हा भिंगातील क्रिस्टॅलिन प्रथिनांचे पुंजके बनतात, प्रकाश विखुरतो आणि दृष्टी अंधुक होते. ह्या प्रथिनांवर आपल्या हैदराबादेतच, १९७७ साली स्थापन झालेल्या सी.सी.एम.बी. ह्या संस्थेत, संशोधन झाले. पुंजके कसे वाढतात हे तेथील शास्त्रज्ञांनी विखुरलेल्या प्रकाशावरूनच पाहिले. ज्या विकिरणाने आजीला दिसेनासे होते, तेच संशोधकाच्या हाती मोजमापाचे साधन झाले!

अभ्यासक्रम पुरा करायचा की असले प्रश्न विचारीत बसायचे, असे कोणी म्हणेल. तो आक्षेप अगदीच खोटा नाही. पण दोष विद्यार्थ्यांचाही नाही. आम्ही शिक्षक आकडा देतो आणि तोच परत मागतो. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. ही रीत समजून घेताना त्यातील गणिताने आम्हांला दमविले, प्रश्नाने मात्र कधीच नाही. प्रत्येक धड्याअखेर निदान एकदा ‘हे कळले कसे?’ असे वर्गात विचारले जावे, एवढीच आमची मागणी आहे.

तोवर विद्यार्थिमित्रहो, आज रात्री पेलाभर पाण्यात दुधाचे दोनचार थेंब टाका, दिवा मालवा आणि एका बाजूने विजेरीचा झोत सोडा. पेल्याकडे दुसऱ्या बाजूने पाहा. दुधातील स्निग्धकण व प्रथिनांचे पुंजके तुम्हांला निळसर उजेडात आपली साक्ष देतील. आजीलाही बोलवा, आणि हे कसे घडते ते तिला आपल्या शब्दांत सांगा.