गोळी आधी, निदान नंतर?

चर्चगेटहून साडेआठची बोरिवली लोकल पकडणारा माणूस ताटावर बसतो तेव्हा दहा वाजून गेलेले असतात, आणि अकराला अंथरूण. सकाळी पुन्हा गाडी आहेच. घाटकोपर-मुलुंडकडची तऱ्हा काही वेगळी नाही. दुपारचा डबा घाईत उरकलेला, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि कटिंग, पोटभर जेवण काय ते रात्रीच. मग मध्यरात्री छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. ‘ॲसिडिटी झाली’ म्हणायचं आणि मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पट्टी आणायची, एवढ्यावर प्रकरण मिटतं. खरं तर ते मिटत नाही, लांबतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. घास उतरला की ती मिटायला हवी. पण जठर तट्ट भरलं की ताण येऊन ती अधूनमधून आपोआप सैल पडते. ढेकर येतो तो याच वाटेने, आणि आम्लही. जेवणात मिसळून आम्ल सौम्य होत असेल, असा आपला समज. ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की जेवणानंतर तीव्र आम्लाचा एक साठा अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी जवळ राहतो. अशा वेळी आडवं होणं म्हणजे त्याला वर यायला मोकळीक देणं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, हा सल्ला इथून येतो. तो लोकलच्या वेळापत्रकात कसा बसवायचा, हे मात्र डॉक्टर सांगू शकत नाहीत.

त्रास किती जणांना आहे? इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कार्यगटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३,२२४ जणांपैकी ७.६ टक्के लोकांना आठवड्यातून एकदा तरी जळजळ किंवा घशाशी येण्याचा त्रास होता.

निदानाची सुरुवात यंत्राने होत नाही, विचारपूस करण्याने होते. जळजळ जेवणानंतर होते की उपाशीपोटी? वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढते का? घास अडकतो का, वजन उतरलंय का, शौचाला काळं होतं का, रक्त कमी आहे का? या शेवटच्या प्रश्नांपैकी एकालाही ‘हो’ असेल तर थेट एंडोस्कोपी. आणि रेल्वेचा पूल चढताना छाती दाबल्यासारखी होऊन थांबल्यावर बरं वाटत असेल, किंवा घाम फुटून हात-जबडा दुखत असेल, तर ‘गॅस’ म्हणून वेळ न दवडता आधी हृदयाची तपासणी.

असं काही नसेल तर आम्ल कमी करणारी गोळी चार ते आठ आठवडे देऊन पाहतात. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवण झाल्यावर आठवण येऊन घेतलेल्या गोळीचा गुण बराच उणावतो. पण आराम पडला म्हणजे निदान पक्कं झालं असंही नाही. या गोळ्यांनी जठराच्या व्रणाचं दुखणंही थांबतं, क्वचित कर्करोगाची लक्षणंही काही काळ झाकली जातात. महिनोन्‌महिने चिठ्ठीशिवाय गोळ्या विकण्याला आमचा आक्षेप आहे तो यासाठी.

गोळीने भागलं नाही तर डोस वाढवत बसण्यापेक्षा तपासणी बरी. एंडोस्कोपी शक्यतो गोळी दोन ते चार आठवडे बंद ठेवून करतात, नाहीतर अन्ननलिकेतल्या जखमा भरून आलेल्या असतात आणि काहीच दिसत नाही. तरीही जळजळ असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांची एंडोस्कोपी स्वच्छ निघते. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हा घरच्यांचा निष्कर्ष इथे चुकतो. यापुढची पायरी पीएच तपासणीची. नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी सोडून २४ तास नोंद घेतात; रुग्ण नेहमीसारखा जेवतो, झोपतो, त्रास झाला की यंत्राचं बटण दाबतो. अन्ननलिकेतला पीएच चारच्या खाली गेलेला काळ सहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे दीड तासाच्या वर भरला, तर आम्ल उलटं येतंय हे सिद्ध. चार टक्क्यांच्या आत असेल तर त्रास आम्लाचा नसण्याची शक्यता मोठी, आणि गोळीचं काम संपतं. आमच्या मते या तपासणीचं खरं मोल या नकारात आहे.

सगळ्यांना ती लागत नाही. विचारपुशीची पहिली पायरी मात्र प्रत्येकाला लागते, आणि नोकरदाराची अडचण तिथेच आहे. राजावाडी, भगवती, कूपर, मुलुंडचं अगरवाल या पालिका रुग्णालयांच्या ओपीडीच्या वेळेला तो गाडीत नाहीतर कामावर असतो. २०२२ मध्ये सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ रात्री १० पर्यंत उघडे ठेवण्याची कल्पना म्हणूनच योग्य होती. उपनगरांत तरी ती वेळ काटेकोर पाळली जावी, आणि तिथल्या डॉक्टरांना एका पेशंटमागे दहा मिनिटं मिळावीत, ही मागणी पालिकेकडे करायला हवी.