पाठीवरचा भाता

आमचा नातू यंदा धनुर्विद्या शिकूं लागला आहे. एके सायंकाळीं तो म्हणाला, "आजोबा, देवघरांतल्या हरणाच्या कातड्याचा भाता करूं द्या ना!" तें मृगाजिन माझ्या आजोबांचें, त्यावर बसून त्यांनीं जन्मभर संध्या केली. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें असें कातडें बाळगण्यासही मालकीचा दाखला लागतो. मग कापाकापीची गोष्टच नको. मी म्हणालों, "बाळ, त्यास हात लावूं नकोस. आपण शेळीचें कातडें आणूं."

तें ऐकून वहिनींनीं आंतून बजावलें, "भाऊजी, चामडें माजघरांत येतां कामा नये हो!" म्हणून सर्व काम ओसरीवर मांडलें.

भाता ही वस्तु फार जुनी. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील ७५ व्या सूक्तांत तो पाठीवर बांधलेला वर्णिला आहे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांतील बर्फांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचा देह सांपडला. त्याजपाशींही कातड्याचा भाता होता. त्यांत १४ बाण होते, पैकीं दोनच पुरे झालेले. भाता ताठ राहावा म्हणून बाजूस एक काठी बसविलेली होती. ती युक्ति आम्हीं उचलली.

कातडें एका वृद्ध कारागिरांनीं कमावून दिलें. केस राखावयाचे तर चुना वर्ज्य, कारण चुन्यानें केस सुटतात. मीठ व तुरटी यांनीं कमवावें, असें ते म्हणाले. मात्र असें कातडें भिजलें कीं तुरटी धुऊन जाते व तें कडक होतें. सबब पावसांत जपावें.

आतां कृति. बाण २९ इंचांचा असेल तर भाता २२ इंच खोल ठेवावा, म्हणजे पिसें बाहेर मोकळीं राहतात. तुकडा वर १७ व खालीं १४ इंच रुंद घ्यावा. मानेकडची बाजू तोंडाशीं आणावी, म्हणजे केस खालीं वळतात व पाणी निथळतें. कातडें आंतल्या बाजूनें सुरीनें कापावें, कात्रीनें केस तुटतात. केस आंत ठेवून, आरीनें भोंकें पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानें दोन सुयांनीं शिवावें. तळास जाड चामड्याची चकती शिवून मग भाता उलटावा. आंत शिवणीलगत बांबूची कामटी टांचावी आणि तळाशीं लोकरीचा तुकडा घालावा. त्यानें बाण खडखडत नाहींत. शेवटीं उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका येईल असा पट्टा लावावा.

शिवण दाखविण्यास ते कारागीर स्वतः ओसरीवर येऊन बसले. नातवानें सहज विचारलें, "आजोबा, आपलें देवघरांतलें कातडें कोणीं कमावलें होतें?" चाळीस वर्षें मीं मुलांस प्रश्न विचारले, ह्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. तो मला कधीं पडलाच नव्हता. कारागीर मान खालीं घालून टांका घालीत राहिले.

थोड्या वेळानें वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. पेले तीन होते, आणि तिन्ही घरांतल्या रोजच्या वापरांतले होते.

भाता आतां माजघरांतील खुंटीवर असतो.